उजेडाचा हिशेब : सिद्धगडाच्या पायथ्याची एक वर्गखोली

एखाद्या खोलीत सरासरी किती उजेड पडेल, हे दिवा लावण्याआधीच कागदावर काढता येते आणि त्यासाठी लागणारे गणित सातवी-आठवीतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही. असे असूनही घर किंवा शाळा बांधताना हा हिशेब फारसा कोणी करत नाही. किती वॅटचा दिवा लावायचा एवढेच ठरते, आणि भिंतीचा रंग, छपराची उंची, खिडकीपुढची पडवी यांचा उजेडाशी असलेला संबंध विचारात घेतला जात नाही. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या पायथ्याशी आणि शेजारच्या शहापूर तालुक्यातील डोंगराळ पट्ट्यात, हा हिशेब विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण येथे पावसाळ्याचे महिने ढगांत जातात, घरांची छपरे उतरती व धुराने काळवंडलेली असतात आणि शाळेतील लहान मुले बहुधा बाकांवर न बसता जमिनीवर अंथरलेल्या पट्ट्यांवर बसतात. या तिन्ही गोष्टी उजेडाच्या गणितात आकड्यांच्या रूपाने उतरतात.

गणितापूर्वी दोन एकके समजून घेणे आवश्यक आहे. दिव्यातून दर सेकंदाला बाहेर पडणाऱ्या, मानवी डोळ्याला जाणवणाऱ्या प्रकाशाच्या प्रवाहाला प्रकाशप्रवाह म्हणतात आणि तो लुमेनमध्ये मोजतात. हा प्रवाह ज्या पृष्ठावर पडतो त्या पृष्ठाच्या प्रत्येक चौरस मीटरला जेवढे लुमेन मिळतात, त्याला प्रदीपन म्हणतात आणि त्याचे एकक लक्स आहे; एक लुमेन प्रकाश एक चौरस मीटरवर सारखा पसरला, तर तेथील प्रदीपन एक लक्स होते. वॅट हे दिवा किती वीज खातो याचे माप आहे, तो किती उजेड देतो याचे नव्हे. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब सुमारे ७०० लुमेन देत असे, तर आजचा ९ वॅटचा एलईडी बल्ब सुमारे ९०० लुमेन देतो. डोळ्याची पोहोचही ध्यानात घ्यायला हवी : भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स पडतात, तर पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास, आणि डोळा या दोन्ही टोकांना काम करतो. याच जुळवून घेण्यामुळे खोलीत उजेड पुरेसा आहे की नाही, हे नुसत्या नजरेने ठरवताना माणूस हमखास फसतो, म्हणून मोजमाप लागते.

एकूण लुमेनला जमिनीच्या क्षेत्रफळाने भागले की सरासरी प्रदीपन मिळाले, असे वाटणे साहजिक आहे. पण दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश वहीपर्यंत पोहोचत नाही. काही भाग थेट खाली येतो, काही भिंतींवर आणि छपरावर आदळून परत फिरतो, काही तेथेच शोषला जातो आणि काही खिडकीतून बाहेर निघून जातो. पोहोचलेल्या प्रकाशाचे निघालेल्या प्रकाशाशी जे प्रमाण, त्याला उपयोग गुणांक म्हणतात. पृष्ठावर पडणाऱ्या प्रकाशाचे नियम योहान लँबर्ट यांनी १७६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशमापनावरील ग्रंथात मांडले होते, परंतु खोलीच्या आकारावरून आणि रंगावरून हा गुणांक काढून देणारी व्यवहारोपयोगी कोष्टके अमेरिकेत वॉर्ड हॅरिसन आणि अर्ल अँडरसन यांनी १९१६ ते १९२० या काळात केलेल्या प्रयोगांतून तयार झाली. जगभर वापरली जाणारी लुमेन पद्धती ती हीच. तिच्यात आणखी एक गुणांक असतो, तो देखभालीचा : दिवा जुना होतो, त्याच्यावर धूळ, काजळी आणि पावसाळी किड्यांचा थर बसतो, भिंती मळतात, म्हणून नव्या दिव्याच्या लुमेनपैकी स्वच्छ जागेत सुमारे ८० टक्के आणि चुलीचा धूर असलेल्या घरात ७० टक्के किंवा त्याहून कमीच धरावे लागतात. सूत्र असे होते : दिव्यांची संख्या, प्रत्येक दिव्याचे लुमेन, उपयोग गुणांक आणि देखभाल गुणांक यांचा गुणाकार करून त्याला खोलीच्या क्षेत्रफळाने भागले की सरासरी लक्स मिळतात.

उपयोग गुणांक कोष्टकातून पाहण्यासाठी खोली निर्देशांक काढावा लागतो. खोलीच्या लांबी-रुंदीच्या गुणाकाराला, त्यांची बेरीज आणि दिव्याची कामाच्या पातळीपासूनची उंची यांच्या गुणाकाराने भागायचे. खोली पसरट आणि दिवा जवळ असेल तर निर्देशांक मोठा येतो. खोली अरुंद आणि दिवा उंच असेल तर लहान येतो, कारण अशा खोलीत दिव्यातून निघालेला बराच प्रकाश आधी भिंतींना गाठतो. यातली ‘कामाची पातळी’ म्हणजे ज्या उंचीवर वही, पुस्तक किंवा सुईदोरा असेल ती पातळी. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ती टेबलाच्या उंचीची, म्हणजे जमिनीपासून पाऊण मीटर किंवा थोडी अधिक धरलेली असते, आणि सिद्धगडाच्या परिसरातील शाळेला ते गणित जसेच्या तसे लावले की पहिली चूक तेथेच होते.

नमुन्यादाखल ६ मीटर बाय ७.५ मीटरची, म्हणजे गवंड्याच्या मापात सुमारे २० बाय २५ फुटांची वर्गखोली घ्यावी. क्षेत्रफळ ४५ चौरस मीटर. २० वॅटच्या, प्रत्येकी २,००० लुमेनच्या चार एलईडी पट्ट्या जमिनीपासून ३ मीटर उंचीवर आहेत असे धरावे. मुले बाकांवर बसत असतील तर वही पाऊण मीटरवर येते, दिवा तिच्यापासून सव्वादोन मीटर वर राहतो आणि खोली निर्देशांक सुमारे १.५ येतो. मुले जमिनीवर बसली की वही पाव मीटरवर, मांडीवर किंवा पुढ्यातल्या दप्तरावर येते, अंतर पावणेतीन मीटर होते आणि निर्देशांक १.२ वर उतरतो. छप्पर व भिंती फिकट रंगाच्या असतील, तर उघड्या पट्टीसाठी उपयोग गुणांक पहिल्या बाबतीत सुमारे ०.५३ आणि दुसऱ्या बाबतीत सुमारे ०.४८ धरता येतो. देखभाल गुणांक ०.८ धरून बाकांवरच्या मुलांना सरासरी ७५ लक्स मिळतात आणि जमिनीवर बसणाऱ्यांना ६८. फरक दहा टक्क्यांच्या आत असला, तरी तो नेमका सर्वांत लहान मुलांच्या वाट्याला येतो, कारण पहिली-दुसरीचे वर्गच बहुधा जमिनीवर भरतात.

याच खोलीतील भिंतींचा रंग गडद केला आणि छपराचा पत्रा आतून गंजलेला, मळलेला मानला, तर उपयोग गुणांक ०.३० च्या आसपास येतो आणि तेच चार दिवे सरासरी ४३ लक्सच देतात. दिवे तेच आणि विजेचे बिलही तेच, तरी उजेडाचा तिसरा हिस्सा भिंतींनी आणि छपराने गिळला. ही तूट दिव्यांनी भरून काढायची म्हटली तर चारांच्या जागी सहा-सात पट्ट्या लागतील. चुन्याने नुकतीच रंगवलेली भिंत तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ७० ते ८० टक्के परत पाठवते, शेणाने सारवलेली किंवा गडद तपकिरी भिंत १० ते २० टक्के, आणि धुराने काळे झालेले कौलारू छप्पर त्याहूनही कमी. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांत ‘बोलक्या भिंती’ रंगवण्याची चांगली प्रथा रुजली आहे. पाढे, नकाशे, प्राणी, फळे यांनी भिंती सजतात आणि मुलांना त्या आवडतात. या प्रथेला उजेडाच्या हिशेबाची जोड द्यायची, तर चित्रे खुशाल गडद असावीत, पण त्यांची पार्श्वभूमी पांढरी किंवा फिकट पिवळी राहावी आणि भिंतीचा वरचा भाग व छप्पर कोरे, स्वच्छ ठेवावे, कारण दिव्याचा बराचसा परतीचा प्रकाश तेथूनच येतो.

आता हे आकडे मानकांशी ताडून पाहता येतात. भारतीय मानक ब्युरोच्या अंतर्गत प्रदीपनावरील आयएस ३६४६ या संहितेच्या १९९२ सालच्या पहिल्या भागात वर्गखोल्यांसाठी २०० ते ५०० लक्सची मर्यादा आणि मधला आकडा ३०० लक्स दिलेला आहे. फिकट रंगाच्या वरील खोलीत निव्वळ दिव्यांवर ३०० लक्स आणायचे तर जमिनीवर बसणाऱ्या मुलांसाठी १८ पट्ट्या लागतात आणि २०० लक्ससाठी १२. ग्रामीण शाळेत एवढे दिवे लागत नाहीत, आणि दिवसा भरणाऱ्या शाळेत ते लावण्याची गरजही नाही. उरलेला वाटा आकाशाने द्यायचा असतो. निवासी आश्रमशाळांचे मात्र तसे नाही. तेथे संध्याकाळचा अभ्यास पूर्णपणे दिव्यांवर चालतो, म्हणून त्यांच्या अभ्यासखोल्यांसाठी १२ किंवा १८ हाच खरा आकडा आहे, आणि तो खर्चाच्या अंदाजपत्रकात सुरुवातीपासून असायला हवा.

आकाशाच्या वाट्याचाही हिशेब असतो. नैसर्गिक प्रकाशावरील आयएस २४४० हे भारतीय मानक सूर्य क्षितिजापासून १५ अंश वर असताना, थेट ऊन वगळून, उघड्या आकाशाखाली ८,००० लक्स मिळतात असे गृहीत धरते. खोलीतील प्रदीपन बाहेरच्या या प्रदीपनाच्या किती टक्के आहे, याला दिनप्रकाश गुणक म्हणतात, म्हणजे एक टक्का गुणक म्हणजे ८० लक्स. वर्गखोलीसाठी १.९ ते ३.८ टक्के गुणक सुचवला जातो. ८,००० लक्सने गुणले की ते १५० ते ३०० लक्स होतात. सरासरी गुणक काढण्यासाठी खिडक्यांचे क्षेत्रफळ, त्यातून येणाऱ्या प्रकाशाचा अंश आणि खिडकीच्या मध्यातून किती अंश आकाश दिसते, या तिघांचा गुणाकार करून त्याला खोलीच्या एकूण पृष्ठफळाने आणि एकातून सरासरी परावर्तन गुणांकाचा वर्ग वजा करून येणाऱ्या संख्येने भागतात. उत्तर टक्क्यांत येते.

वरील खोलीत गज लावलेल्या उघड्या खिडक्यांचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटर, प्रकाशाचा अंश ०.८५, भिंतींची उंची ३.२ मीटर म्हणजे एकूण पृष्ठफळ सुमारे १७६ चौरस मीटर, आणि सरासरी परावर्तन गुणांक ०.५ धरावा. खिडकीतून ७० अंश आकाश दिसत असेल तर गुणक २.७ टक्के, म्हणजे २१६ लक्स येतो. मात्र खिडकीपुढे खोल पडवी असेल आणि तिच्या उतरत्या पत्र्यामुळे फक्त ३५ अंशांचा तुकडा दिसत असेल, तर गुणक निम्मा, १.३५ टक्के, म्हणजे १०८ लक्स. कोकणपट्टीच्या पावसात पडवी काढून टाकण्याचा सल्ला कोणी देणार नाही. तिच्यामुळेच भिंत वाचते, सरपण कोरडे राहते आणि पावसाची झड आत येत नाही. पण पडवी एकाच बाजूला असणे, समोरच्या भिंतीतील खिडक्या मोकळ्या राहणे आणि पडवीच्या पत्र्यात एखादी पारदर्शक पट्टी बसवणे, एवढे बांधकामाच्या वेळी सहज साधते. आकाशाचा आणि दिव्यांचा मेळ घातला तर चित्र स्पष्ट होते : मोकळ्या खिडक्यांचे २१६ आणि चार पट्ट्यांचे ६८ मिळून २८४ लक्स होतात, जवळजवळ मानकाइतके, खोल पडवीमागे हीच बेरीज १७६ वर थांबते. पावसाची झड आली आणि लाकडी झडपा लावून घेतल्या, की पहिली संख्या शून्यावर येते आणि मुलांकडे फक्त ६८ लक्स उरतात. शाळेचे वर्ष ज्या महिन्यांत सुरू होते, त्या जून ते सप्टेंबरमधली ही स्थिती आहे. म्हणूनच या भागात झडपांमध्ये काचेचे तावदान असणे ही चैन मानता येत नाही.

सिद्धगडाच्या भूगोलाचाही या हिशेबात भाग आहे. गडाच्या पूर्वेला भीमाशंकरच्या पठाराकडे चढत गेलेली सह्याद्रीची मुख्य रांग उभी आहे आणि नारिवली, उचले यांसारखी गावे तिच्या पश्चिम पायथ्याच्या बाजूला आहेत. एखाद्या वाडीतून पाहताना कड्याची कड क्षितिजापासून १५ अंश वर येत असेल, तर सूर्य पंचांगातल्या वेळेपेक्षा सुमारे एक तास उशिरा दिसतो, कारण या अक्षांशावर तो तासाला साधारण १४ अंश वर चढतो. म्हणजे मानक ज्या सूर्यस्थितीपासून दिवसाचा उजेड मोजायला सुरुवात करते, त्याच सुमारास येथे प्रत्यक्ष सूर्योदय होतो. सकाळच्या शाळेत पूर्वेच्या खिडक्यांवर भिस्त ठेवता येत नाही, ती उत्तर आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर ठेवावी लागते.

घरांकडे वळले की आकडे अधिकच लहान होतात. या पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि कुणबी समाजाची जुनी घरे कारवीच्या काठ्यांच्या कुडाची, वरून शेणामातीने लिंपलेली आणि कौलांनी शाकारलेली असत. आजही अनेक घरांत निदान आतली एखादी भिंत कुडाची असते. ऊब, हवा आणि खर्च या तिन्ही दृष्टींनी हे बांधकाम शहाणपणाचे आहे, उजेडाच्या बाबतीत मात्र ते कठीण आहे. ४ बाय ३.५ मीटरच्या माजघरात आढ्याखाली एक ९ वॅटचा बल्ब असेल, तर काळवंडलेल्या कौलांमुळे आणि सारवलेल्या भिंतींमुळे उपयोग गुणांक ०.२५ आणि देखभाल गुणांक ०.७ धरून सरासरी ११ लक्स येतात. हा आकडा केविलवाणा वाटतो, पण त्याची तुलना रॉकेलच्या चिमणीशी केली की त्याचे मोल कळते. चिमणीतून सुमारे १० लुमेन निघतात. त्याच माजघरात, देखभाल गुणांक न धरताही, तिचे सरासरी प्रदीपन ०.१८ लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याहूनही थोडे कमी. चिमणीपासून फूटभर अंतरावर धरलेल्या पुस्तकावर मात्र सुमारे ९ लक्स पडतात, कारण प्रदीपन अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे एका मुलाला काजळी छातीत घेत, ज्योतीला चेहरा भिडवून मिळणारा उजेड हा एक बल्ब साऱ्या माजघराला सरासरीने देतो. सरासरी प्रदीपन या कल्पनेचे सामाजिक मोल याहून स्पष्टपणे दाखवता येणार नाही.

येथे या प्रदेशाच्या इतिहासाची आठवण अटळ आहे. १९४२ च्या आंदोलनात भाई कोतवाल यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत क्रांतिकारकांच्या तुकडीने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. सह्याद्रीच्या पाण्यावर खोपोली आणि भिवपुरी येथे तयार होणारी वीज त्या काळात मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने चालवत होती, आणि ज्या डोंगरांच्या पायथ्याने तिच्या तारा जात होत्या, तेथल्या वाड्यांत चिमणीच पेटत होती. स्वस्त एलईडी बल्ब घरोघर पोहोचवणारी उजाला योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली आणि वीजजोडणीची सौभाग्य योजना २५ सप्टेंबर २०१७ रोजी. एलईडीचा आणखी एक गुण डोंगरातल्या वाड्यांना उपयोगी पडतो. रोहित्रापासून दूरच्या टोकाला दाब दहा टक्क्यांनी घटला, तर तारेच्या जुन्या बल्बचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटत असे. चांगल्या एलईडीतील मंडल एवढा चढउतार सांभाळून घेते आणि लुमेन जवळजवळ तेवढेच ठेवते.

माजघराचे ११ लक्स वाढवण्याचे दोन मार्ग दिवा न बदलता उपलब्ध आहेत. भिंतींना आतून चुना दिला, छप्पर तसेच काळे राहिले तरी, उपयोग गुणांक ०.३८ पर्यंत जाऊ शकतो आणि सरासरी १७ लक्स होते, म्हणजे दीडपट. दुसरा मार्ग दिवसाचा आहे आणि तो कौलारू घरांत पूर्वीपासून वापरला जातो : काचेचे कौल. मंगलोरी कौले एका चौरस मीटरला सुमारे १५ लागतात, म्हणजे एका कौलाचा उघडा भाग ०.०६७ चौरस मीटर. ८,००० लक्सच्या आकाशाखाली त्याच्यावर सुमारे ५३० लुमेन पडतात, आणि शेवाळ-धुळीमुळे त्यातले साठ टक्केच आत आले तरी ३२० लुमेन होतात. काचेची तीन कौले मिळून दिवसा एका ९ वॅटच्या बल्बएवढा प्रकाश देतात आणि तोही जवळजवळ सरळ खाली, चुलीवर किंवा निवडटिपण चाललेल्या सुपावर. पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना ही कौले घासून पुसून बसवली, तर ऐन श्रावणातल्या अंधारात त्यांचा उपयोग होतो. दाट ढगांत आकाशच मंद झाले तर त्या प्रमाणात आकडा उतरतो.

गणिताने मिळालेले उत्तर प्रत्यक्षात पडताळता येते. लक्समापक हे हातात मावणारे उपकरण कामाच्या पातळीवर, संवेदक वर करून, आपली सावली पडणार नाही असे धरावे. खोलीचे किती सारखे भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर मोजायचे, ते खोली निर्देशांकावरून ठरते : निर्देशांक एकापेक्षा कमी असेल तर ४ बिंदू, एक ते दोनमध्ये ९, दोन ते तीनमध्ये १६ आणि तीनच्या वर २५. दिव्यांचाच उजेड मोजायचा असेल तर अंधार पडल्यावर मोजणी करावी. वर्गखोलीचा निर्देशांक १.२ असल्याने तेथे ९ बिंदू पुरतात, आणि मापक बाकाच्या उंचीवर न धरता मुलाच्या मांडीवरच्या वहीच्या उंचीवर धरायचा.

या नऊ आकड्यांची सरासरी काढताना ते आकडे स्वतंत्रपणेही पाहावे लागतात. समजा, चारही पट्ट्या सोयीसाठी एकाच लांब भिंतीवर बसवल्या आहेत आणि त्या भिंतीलगतच्या रांगेत १०६, ११२, १०४, मधल्या रांगेत ६६, ७२, ६५ आणि पलीकडच्या रांगेत २९, ३१, २८ लक्स मिळाले. सरासरी ६८ येते, गणिताशी तंतोतंत जुळते, आणि तरीही तिसऱ्या रांगेतल्या मुलांना सरासरीच्या निम्माही उजेड मिळत नाही. मानक सांगते की कामाच्या जागी किमान प्रदीपन सरासरीच्या ०.७ पेक्षा कमी नसावे. येथे ते ०.४१ आहे. दिवा न वाढवता, दोन पट्ट्या समोरच्या बाजूला आणि दोन अलीकडे, भिंतीपासून खोलीच्या रुंदीच्या साधारण चौथ्या हिश्शावर छताखाली टांगल्या, तर सरासरी फारशी बदलत नाही, पण सर्वांत कमी आकडा वर येतो. वीजतंत्र्याला यासाठी काही मीटर वायर जास्त लागते, एवढाच फरक. फळ्याचा विचार मात्र वेगळा करावा लागतो, कारण फळा उभा असतो आणि आडव्या पातळीवरची सरासरी त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. त्याच्यासाठी फळ्याच्या वर, थोडी पुढे आणि मुलांच्या डोळ्यांत न जाणारी आडोशाची एक स्वतंत्र पट्टी लागते, आणि तिचे लुमेन वरील हिशेबात धरायचे नसतात.